वाळायला ठेवलेलं घर

मंगळवार पेठ, कोल्हापूर
१८ सप्टेंबर, गुरुवार

प्रिय ऋता,

‘चि.’ लिहिलं की तू म्हणतेस, ताई, मी चव्वेचाळीस वर्षांची आहे. ‘सौ.’ लिहिलं की म्हणतेस, यात उन्मेषचा काय संबंध? म्हणून नुसतं प्रिय. पाठ कशी आहे हे विचारत नाही. तू ‘मस्त’ म्हणणार आणि तुझ्यामागे उभा राहून उन्मेष मान हलवणार, ते मला पुण्यापासून इथपर्यंत दिसतं. डॉक्टरांनी सहा महिने सांगितलेत, त्यातले चार झालेत. उरलेले दोन तू पलंगावर पडूनच काढायचे आहेत, हे पत्र वाचून झाल्यावरसुद्धा. आधी हे कबूल कर आणि मग पुढे वाच.

रोज फोन होतो, मग कागद कशाला, असं तू म्हणशील. आणि तोही पितृपंधरवड्यात, जेव्हा शहाणी माणसं नवीन काही सुरू करत नाहीत. खरं सांगायचं तर गेल्या दीड महिन्यात माझ्या लक्षात आलंय की फोनवर मला खोटं फार छान बोलता येतं. पंचावन्नाव्या वर्षी बाईला स्वतःच्या अंगातली एखादी कला सापडावी, तर ती ही! कागदावर मात्र जमत नाही. तीस वर्षं मुलांच्या वह्या तपासल्या, त्यामुळे स्वतःच्या अक्षरातलं खोटं मला लगेच दिसतं आणि हात तांबड्या पेनाकडे जातो.

इथलं बाकी ठीक आहे. नदी यंदा दोनदा घाटाच्या पायऱ्या चढून आली आणि दोनदा उतरली. शेजारच्या आकारामकाकांनी गणपतीत तळमजल्यावर एवढा मोठा आवाज लावला की आमच्या ताटांना आपोआप ताल धरता यायला लागला. मी सांगायला गेले, तर म्हणाले, “बाई, देवाला कमी ऐकू येतं व्हय?” मी म्हटलं, नाही, पण आता येईल. त्यावर त्यांनी मला मोदक दिला. कोल्हापूरचा माणूस भांडणातसुद्धा पाहुणचार सोडत नाही.

आता शनिवारांबद्दल.

ऑपरेशन आणि विश्रांतीसाठी इथून पुण्याला निघालीस, त्याच्या आदल्या दिवशी तू मला ती निळी वही दिलीस आणि म्हणालीस, “ताई, माझे शनिवार सांभाळ.” सहा वर्षं ज्या वर्गाची मी टर उडवली, त्याची किल्ली माझ्याच हातात आली. बालगृहाचा मागचा व्हरांडा, दुपारी दोन ते चार, नऊ मुली, घमेलंभर शाडू आणि झाकणाचे नऊ पत्र्याचे डबे. मी म्हणायचे, सरकार या पोरींना वरणभात देतं, शाळा देतं, आणि तू काय देतेस, तर चिखल. तू कधी वाद घातला नाहीस. एकदाच म्हणालीस, “तोंडाला जे सांगता येत नाही, ते हाताला सांगू दे की.” मी म्हटलं, वाक्य चांगलं आहे, अन्वय नंतर लावू.

तुझी वही मी एका बैठकीत वाचली. नाव ठेवलं ऋतासूत्रे. हे काय केलंस, असं विचारू नये. छान म्हणू नये. एकीचं दुसरीला दाखवू नये, पाहुण्यांना तर नाहीच. डबा जिचा, झाकण तिनेच उघडावं. मोडायचं असलं तर तिनेच मोडावं. मी समासात पेन्सिलीने लिहिलं, मग बाईंनी करायचं काय? पान उलटलं तर तुझं अक्षर: “मग मी काय करू, असं ताई विचारेल. बसायचं.” त्या दिवशी मी तुझ्यावर पहिल्यांदा मनापासून हसले, आणि थोडी घाबरलेही. बसायचं मला कुठे येतं? तीस वर्षं उभी राहून शिकवलंय.

प्रत्येक मुलीचं एकेक पान होतं आणि त्यावर दोनतीन ओळी, जास्त नाही. मी तुला विचारलंही होतं की एवढंच का, या मुलींचं आधी काय झालंय ते लिही. तू म्हणालीस, जिची गोष्ट तिची, तिने सांगितली तर ऐक. स्वप्नालीच्या पानावर दोनच ओळी होत्या. ‘हिच्यापुढे पाण्याची वाटी ठेवू नये, हात ओला करायला ओला बोळा द्यावा. हिच्या कामावर ओलं फडकं झाकू नये.’ ऋता, मला वाटलं, मुलीची सर्दीची प्रकृती असेल.

हसू नकोस. किंवा हस. यापुढे या पत्रात तशी जागा कमी आहे.

जूनपासून मी बसले. खरंच बसले, तुला नवल वाटेल. पहिले दोन शनिवार माझी जीभ आतल्या आत नुसती चुळबुळत होती. तिसऱ्या शनिवारी मला दिसायला लागलं. एक मुलगी दर वेळी एकच लांब साप करायची आणि शेवटी त्याचे तुकडे करून आपल्या डब्यात मोजून ठेवायची. एक जण नुसती भाकऱ्या थापायची, पण त्या इतक्या पातळ की आपल्या आईला जमल्या नसत्या. आणि स्वप्नाली विटा करायची. नऊ वर्षांची मुलगी, दोन घट्ट वेण्या, नखाएवढ्या विटा. एका शनिवारी पंधरा, फार तर वीस. त्या एकावर एक लावून डब्यात भिंत उभी करायची. एक खोली, एक दार. छप्पर नाही. कोपऱ्यात तीन खड्यांएवढ्या गोळ्यांची चूल. आणि इतर मुली डब्यावर ओलं फडकं टाकून झाकण लावत, म्हणजे पुढच्या शनिवारपर्यंत माती मऊ राहते, तेव्हा ही झाकण बोटभर उघडं ठेवायची. वारा लागावा म्हणून. जाताना भिंतीला एकदा बोट लावून बघायची, वहिनी पापड वाळलेत का बघते ना, तशी.

ती तेव्हा बोलायची, हे लक्षात ठेव. फार नाही, पण बोलायची. मला एकदा म्हणाली, “बाई, तुमी शाळेत पण अशाच गप बसताय?” मी म्हटलं, शाळेत मी गप बसले तर पगार मिळणार नाही. तिला ते पटलं.

जुलै संपत आला आणि माती संपली. केरबा कुंभाराकडे गेले. सहा वर्षं तो तुला नुसता चहा पाजून माती देतो, पण गणपतीच्या आधी कुंभाराच्या दारात शाडू मागणं म्हणजे लग्नघरात जाऊन नवरी मागण्यासारखं. मूर्तींच्या रांगेतून डोकं वर काढून तो म्हणाला, “गणपती हुस्तवर मूठभर माती मिळायची न्हाय, बाई. तुमच्या पोरींचं जुनं काय आसंल, ते घाला की पाण्यात, मळा पुन्हा. माती कुठं मरती व्हय?”

माती कुठे मरते! हे वाक्य मला इतकं आवडलं की रस्ताभर घोळवत आले. त्याला काहीच माहीत नव्हतं, तो धंद्याचं बोलला. मला मात्र त्यात वेदान्त दिसायला लागला. आणि तुला माहीत आहे, मला एकदा वेदान्त दिसायला लागला की समोरचं माणूस दिसायचं बंद होतं. पार्थिव मूर्ती करतात, पूजतात आणि पाण्यात सोडतात, त्यात किती शहाणपण आहे, धरायचं आणि सोडायचं, आणि या मुलींना तर सोडायला शिकण्याची केवढी गरज, असं सगळं मी रात्री वहीत लिहून काढलं. तुझ्याच वहीत, मागच्या पानांवर. तुझं सूत्र पुढच्या पानावर होतं. मी वही मागून उघडली होती.

दोन ऑगस्टच्या शनिवारी मी हळदकुंकू, फुलं आणि मोठी बादली घेऊन गेले. मुलींना सांगितलं, आज आपण सगळ्यांचं विसर्जन करायचं, म्हणजे पुढच्या वेळी नवी माती. अक्षता टाकल्या. मंत्र म्हटला, आणि चांगला म्हटला, तो दोष मी स्वतःला देणार नाही. मुली खूश झाल्या. एकीने ताट वाजवायला घेतलं, सगळ्या मोरया मोरया करायला लागल्या. सापवालीने आपले तुकडे एकदम ओतले. भाकरीवालीने एकेक भाकरी सोडली. दर वेळी मी ‘पुनरागमनाय च’ म्हणत होते आणि त्या माझ्यामागे काहीतरी भलतंच म्हणून खिदळत होत्या. स्वप्नाली रांगेत शेवटची होती. डबा छातीशी धरून उभी. मी म्हटलं, ये. ती आली नाही. तेव्हा मी उठले, तिच्या पाठीवरून हात फिरवला, आणि तिच्या हातातून डबा घेतला. तिने ओढला नाही. सोडला. मी ते घर अलगद उचललं, सात शनिवारांचं, आणि बादलीत ठेवलं. ते लगेच बुडालं नाही. आधी चूल विरघळली. मग मागची भिंत आत पडली. मी म्हटलं, पुनरागमनाय च.

ती बघत होती. रडली नाही. मी मनात म्हटलं, किती समंजस मुलगी. आणि बालगृहाच्या वहीत त्या दिवशीची नोंद केली: ‘मातीकाम व सामूहिक विसर्जन. मुली आनंदी.’ खाली सही, मैथिली, संस्कृत शिक्षिका. तुला संध्याकाळी फोनवर म्हटलं, आजचा वर्ग फार सुंदर झाला. तेव्हा मला ते खरंच वाटत होतं. खोटं पुढच्या शनिवारपासून सुरू झालं.

पुढच्या शनिवारी ती व्हरांड्यात आली नाही. अधीक्षिका क्रांतीबाईंना विचारलं. त्या एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात तांदळाचं पोतं उघडायची कात्री घेऊन उभ्या होत्या. म्हणाल्या, “बोलंनाच झालीया. जेवत न्हाय नीट. शाळंला पाठवली तर दारात बसून राहती. मी काय करू, सांगा. बावन्न पोरी हायत माझ्याकडं, आनि तीन बायका.” त्यांना नावं ठेवू नकोस, ऋता. त्या बाईंनी सहा वर्षं तुला व्हरांडा दिला, स्वतःला काही कळत नसताना. घरी आले आणि तुला फोनवर सांगितलं की स्वप्नालीने आज छान विटा केल्या. तू म्हणालीस, अजून छप्पर नाही ना केलं? घाई करू नकोस हं. मी म्हटलं, छे, घाई कशाला.

सहा फोन, ऋता. सहा शनिवारी मी तुला त्या घराची प्रगती सांगितली. एकदा तर मी खिडकीसुद्धा काढली त्याला. तुला बरं वाटावं म्हणून करतेय, असं मी स्वतःला सांगत होते. तुला रडू आलं की पाठ आखडते, हे उन्मेषनेच बजावलं होतं. पण आज शाईने लिहितेय, तर हेही लिहिते की तुझ्यापेक्षा मला स्वतःची लाज झाकायची होती.

गौरी जेवल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी तिची आजी आली, शिरोळकडच्या गावाहून, दोन एस्ट्या बदलून. चिमणाबाई. फडक्यात भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वड्या. आजीसमोर पोर बसली, वडी हातात धरून, खाल्ली नाही. मी तिथेच होते, काही तरी कारण काढून रोज जातच होते. म्हातारी मला बाहेर घेऊन आली आणि पायरीवर बसली. मी काही विचारलं नव्हतं. ती आपणहून सांगत होती, आणि मी ऐकत होते, तुझ्या सूत्राप्रमाणे, पण उशिरा.

“मातीचं घर आमचं, बाई. पुराचं पाणी चढलं तवा आमी शाळंत ऱ्हायलो आठ दिस. पाणी उतरलं, तवा सगळी म्हनाली, जाऊ नगा आत, चार दिस थांबा, भिती वाळूद्यात. माझी सून पन थांबलीती. पर ह्या पोरीनं भूक लागली म्हनून रडून गोंधळ घातला. पाच वर्साची हुती की. सून म्हनाली, चुलीवर भात तेवडा टाकतो आनि येतो. आत गेली. मागची भित आत पडली.” मग पदराने तोंड पुसून म्हणाली, “तवापासनं ही एकच इचारायची. आज्जी, वाळायला किती दिस लागत्यात?”

मी तुला सांगू शकत नाही, त्या पायरीवर मला काय झालं. मला एवढंच आठवतं की मी वाकून माझ्या चपलेचा पट्टा लावत होते आणि तो आधीच लागलेला होता.

आता मला सगळं दिसत होतं. बोटभर उघडं झाकण. वाऱ्याला ठेवलेली भिंत. ती मुलगी सात शनिवार घर बांधत नव्हती, वाळवत होती. नीट, पूर्ण, कुणी आत जायच्या आधी. आणि मी हळदकुंकू लावून, मंत्र म्हणून, तिच्या डोळ्यांदेखत पुन्हा पूर आणला. तिच्या पानावर तू दोन ओळी लिहिल्या होत्यास, त्या मी वाचल्या होत्या आणि सर्दीवर ढकलल्या होत्या. जिने भूक लागली म्हटलं आणि आई गेली, ती आता बोलतही नाही आणि खातही नाही. याला भाष्य लागत नाही.

तरीही मी गप्प राहिले. हे तुला कळलं पाहिजे. मी भित्री आहे, हे आपल्या घरात आजवर कुणालाच माहीत नव्हतं, मलाही नाही. सप्टेंबरच्या सुरुवातीला क्रांतीबाई म्हणाल्या, बालकल्याण समितीपुढे तिचं प्रकरण ठेवतोय, सतरा तारखेला. “डोक्यानं कमी हाय ती, बाई, आधी कळलं न्हाई आमाला. दुसऱ्या जिल्ह्यात तशा मुलींची संस्था हाय. तिथं सोय बरी हाय.” मी म्हटलं, ती डोक्याने कमी नाही. त्या म्हणाल्या, “मग बोलत का न्हाय?” माझ्याकडे उत्तर होतं. मी पिशवी उचलली आणि घरी आले.

का गप्प राहिले, तेही सांगते. व्हरांड्यात काही कमी-जास्त झालं तर वर्ग बंद, या अटीवर त्यांनी तुला परवानगी दिली होती. तो कागद तुझ्या वहीला टाचलेला आहे, मी तो वीस वेळा वाचलाय. खरं सांगितलं तर तुझे शनिवार गेले. सहा वर्षं, इतर आठ मुलींचे आठ डबे, आणि पलंगावर पडून तू ज्याच्याकडे डोळे लावून आहेस ते. नाही सांगितलं तर एक मुलगी जिथे कुणी ओळखीचं नाही अशा ठिकाणी जाणार, कपाळावर मतिमंद असा शिक्का घेऊन, आणि तिची म्हातारी आजी दोन एस्ट्यांऐवजी पाच एस्ट्या बदलणार, म्हणजे जाणारच नाही. मी तराजू घेऊन बसले. एरवी दुसऱ्यांना धर्मसंकटाची व्याख्या सांगणारी मी. परीक्षेत हा प्रश्न आला असता तर दहापैकी दहा मिळवले असते.

तेरा तारखेच्या शनिवारी मी वर्ग घेतला. केरबाने नवी माती दिली होती. स्वप्नालीला कुणीतरी आणून कोपऱ्यात बसवलं होतं, ती भिंतीकडे तोंड करून होती. चारला बाकी सगळ्या गेल्या. मी नळाखाली तीच बादली घासत होते, पाठमोरी. मागून आवाज आला. घोगरा, न वापरलेला.

“बाई, वाळलं न्हवतं अजून.”

मी वळले तोवर ती निघून चालली होती. वेण्या सुटलेल्या होत्या. मला तिला हाक मारता आली नाही. माझे दोन्ही हात कोपरापर्यंत बादलीत होते.

धावत क्रांतीबाईंकडे गेले. म्हटलं, बोलली, स्वप्नाली बोलली! त्या खरंच आनंदाने उठल्या. “काय म्हनली?” मी म्हटलं, वाळलं नव्हतं अजून. “म्हंजे?” एवढा एकच शब्द विचारला त्यांनी, ऋता. म्हंजे? त्याचं उत्तर द्यायचं म्हणजे बादलीपासून सगळं सांगायचं. मी म्हटलं, कोण जाणे. त्या पुन्हा खाली बसल्या. म्हणाल्या, “बघा. हे असंच. कायतरी मधनंच.” म्हणजे त्या मुलीने दीड महिन्यात बोललेलं एकमेव वाक्य, पूर्ण, खरं, मला उद्देशून, ते मी तिच्याच वेडेपणाचा पुरावा करून दिलं.

त्यानंतर चार रात्री मी जागी होते. चौथ्या सकाळी, म्हणजे काल, शाळेत रजेचा अर्ज टाकला आणि समितीच्या दारात जाऊन बसले. माझं नाव यादीत नव्हतं. शिपाई म्हणाला, “तुमचं काय काम, पावणं?” मी म्हटलं, आत जे प्रकरण चाललंय ते माझं आहे. त्याने मला मुलीची आई समजून आत सोडलं.

आत समितीची तिघं होती. मी उभी राहून सांगितलं, सवयीप्रमाणे मोठ्या आवाजात, सुरुवातीपासून. माती संपली तिथून. मंत्र, बादली, डबा तिच्या हातातून मीच घेतला हे. माझी नोंद वाचून दाखवली, मुली आनंदी, आणि म्हटलं की हे खोटं आहे. मग आजीने सांगितलेलं, आणि मग ते वाक्य. समितीतल्या एक वकीलबाई चष्म्यावरून माझ्याकडे बघत होत्या. म्हणाल्या, “या विषयातलं तुमचं शिक्षण काय?” मी म्हटलं, काही नाही, मी संस्कृत शिकवते. त्या म्हणाल्या, “मग तुम्हाला हा वर्ग कुणी दिला?” मी तुझं नाव सांगितलं. सांगावं लागलं. क्रांतीबाई शेजारी बसल्या होत्या. त्या एकदाच हळू म्हणाल्या, “आदी सांगायचं की, बाई.” एवढंच. मी त्यांच्याकडे बघू शकले नाही.

निर्णय असा झाला. स्वप्नालीची रवानगी दोन महिने थांबवली आहे. लहान मुलांचं मन जाणणाऱ्या डॉक्टरांकडे तिला आठवड्यातून एकदा न्यायचं, आणि ती डोक्याने कमी असल्याचा शेरा काढून टाकायचा. आजीला दर पंधरा दिवसांनी भेटू द्यायचं. आणि मातीचा वर्ग कालपासून बंद. अशिक्षित व्यक्तीच्या हाती मुलींचा उपक्रम सोपवल्याबद्दल तुझी परवानगी रद्द. ‘अशिक्षित व्यक्ती’ म्हणजे मी. एम.ए., बी.एड., प्रथम श्रेणी. वाचून घे आणि एकदा हस, तेवढं तरी माझ्या वाट्याला येऊ दे.

त्या आदेशाची प्रत तुझ्या पत्त्यावर रजिस्टर पोस्टाने निघणार आहे. त्यावर तुझं पूर्ण नाव आहे आणि भाषा कोरडी आहे. ती तुझ्या हातात पडायच्या आधी हे पोचावं म्हणून आज टपालात टाकते. तुला आधी विचारावं असं मंगळवारी रात्रभर मनात येत होतं. फोन तीनदा हातात घेतला. विचारलं असतं तर तू एका क्षणात म्हणाली असतीस, सांगून टाक ताई, वर्ग गेला तर गेला. मला ते माहीत होतं, म्हणूनच विचारलं नाही. मग तो त्याग तुझा झाला असता आणि मी पुन्हा एकदा तुझा निरोप पोचवणारी थोरली बहीण म्हणून आत गेले असते, हात धुतलेली. आठ मुलींना आज संध्याकाळी मीच जाऊन सांगणार आहे की परवापासून कुणी येणार नाही. त्या विचारतील का, आणि मी त्यांना खरं सांगेन. तू सहा वर्षं जे जपलंस आणि माझ्याकडे सहा महिन्यांसाठी दिलंस, ते मी चार महिन्यांत घालवलं. दोन गोष्टींतली एकच ठेवता येत होती, ऋता, आणि मी तुझी ठेवली नाही.

तुझीच,
ताई